बारापैकी बारा

खोटे आकडे फार नीटनेटके असतात. मीरा रोडच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतल्यावर मला एवढं एक पक्कं कळायला लागलं होतं, आणि त्याचा मला भलताच गर्व होता. मुलांचं जर्नल उघडायचं, तक्त्यावरून एकदा नजर फिरवायची, आणि हा प्रयोग खरंच माणसांवर झालाय की कॅन्टीनमध्ये वडा खाताखाता नुसत्या पेनाने झालाय ते सांगून टाकायचं. खरी माणसं ओबडधोबड उत्तरं देतात. एकाला मध्येच शिंक येते, एकाच्या घरी कुकरची शिट्टी होते, एक जण कंटाळून काहीही बोलतो, आणि ते सगळं आकड्यांत उतरतं. बसल्या जागी बनवलेल्या आकड्यांना शिंक येत नाही.

बाकी कुणालाही फसवा, पण देवस्थळी मॅडमच्या नादी लागू नका, असं मुलं एकमेकांना सांगायची. हे कानावर आलं की मी वरवर रागवायचे आणि आतून सुखावायचे. या नजरेनेच मला एकदा कसं तोंडघशी पाडलं ते आज लिहितेय. मागच्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या पूनम सागर वसाहतीतल्या मंडळाने दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून धरणं धरलं, तेव्हा मला दुसरं काही आठवेचना. एक मुलगी आणि तिच्या आळीतल्या पाच बायका, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं.

आधी आमचा धंदा काय तो सांगायला हवा. मानसशास्त्र शिकवते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई समोरच्याच्या मनातलं ओळखते. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी होऊ घातलेल्या सुनेला चहाला बोलावलं तेव्हा मलाही बोलावलं होतं, नुसतं बसा आणि नंतर सांगा म्हणाल्या. मी चहा प्यायले, पोहे खाल्ले आणि पोहे छान झाले होते असं सांगितलं. त्या अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. मी शिकवत होते ते याच्या नेमकं उलटं होतं. समोरच्याचं मन आपल्याला कळत नाही हे आधी कबूल करायचं, आणि मग ते चमचाभर तरी कळावं म्हणून किती खटाटोप करावा लागतो तो शिकायचा. या खटाटोपालाच पुस्तकात संशोधनपद्धती म्हणतात.

दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहायचे. मुंबईतल्या माणसांपेक्षा मीरा रोडची माणसं जास्त चिडकी आहेत का? वर्गातले सगळे हात वर जायचे. आमच्या वर्गात गिरगाव-परळ सोडून आलेल्या मराठी घरांतली मुलं, गुजराती, उत्तर प्रदेशातली, मलबारी, सगळी असायची, आणि या एका बाबतीत त्यांचं एकमत असायचं. मग मी विचारायचे, कशावरून? कुणी वॉचमनचं उदाहरण द्यायचं, कुणी रिक्षावाल्याचं, कुणी स्वतःच्या वडिलांचं. किती माणसांना विचारलंत, कुणाला विचारलंत, चिडकं म्हणजे नेमकं काय धरलंत, असं एकेक काढत गेलं की हात खाली यायला लागायचे. तासाच्या शेवटी वर्गात शांतता असायची. ती शांतता मला फार आवडायची. तपासल्याशिवाय बोलायचं नाही, हे वाक्य त्या शांततेत मी दरवर्षी न चुकता म्हणायचे. ते वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन घालून अर्धा केलेला वर्ग. पलीकडे कॉमर्सचा वर्ग भरायचा, त्यामुळे आमचे एकाग्रतेचे प्रयोग ताळेबंदाच्या गजरात व्हायचे. चार स्टॉपवॉच, त्यातलं एक बंद. आरशात बघून चांदणी काढायचं एक लाकडी यंत्र. आणि मुलांनी तयार केलेले पुठ्ठ्याचे पत्ते. एवढ्या भांडवलावर आम्ही माणसाची स्मृती, लक्ष आणि राग मोजत होतो.

प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता, आणि ज्याच्यावर करायचा तो प्रयुक्त. मुलांना या शब्दाचं हसू यायचं, पण त्यांना मी तो म्हणायला लावायचे. प्रयुक्ताचं नाव जर्नलमध्ये लिहायचं नाही, फक्त क्रमांक. त्याची तयारी आहे का ते आधी विचारायचं आणि शेवटच्या रकान्यात त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक प्रयोग कॉलेजबाहेरच्या पाच माणसांवर करायचा असे. ते जर्नल मी तपासून सही केली तरच विद्यार्थी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू शकायचा. माझी सही नसेल तर वर्ष गेलं. एवढी सत्ता माझ्या फाउंटनपेनात होती.

बाहेरच्या माणसांवरचे प्रयोग ही खरी गंमत असायची. साजिद नावाचा एक भलताच बोलका मुलगा होता. हाटकेशच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात स्टीलचे चमचे पॉलिश करायचं काम चालायचं. तिथल्या कामगारांना काम आवडतं का, याच्या प्रश्नावल्या भरून आणायला तो गेला. वीस फॉर्म आणले. वीसच्या वीस कामगार अत्यंत समाधानी, आणि विसांचंही अक्षर एकच. मी चष्म्यावरून नुसतं बघितलं. साजिदने हसतहसतच सांगून टाकलं, की मॅडम, शेठने सगळे फॉर्म माझ्या हातातून घेतले आणि बसल्याबसल्या भरून दिले. कामगारांना द्या म्हटलं तर शेठ म्हणाले, "सब खुश हैं, मैं ही तो संभालता हूँ इनको. मेरे से ज्यादा इनको मालूम है क्या?"

वर्ग हसून लोळला. मीही हसले, साजिदला परत पाठवलं, आणि कामगारांना चहाच्या सुट्टीत टपरीवर गाठ असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्याने आणलेले फॉर्म चहाचे डाग पडलेले, अर्धवट, एकावर तर नुसतीच शिवी लिहिलेली. मी आनंदाने सही केली. साजिदच्या शब्दावर मी लगेच विश्वास ठेवला, हे मला तेव्हा जाणवलंही नाही. तो छान बोलायचा, म्हणून तो खरा वाटला. त्याच वर्षी एक न बोलणारी मुलगी वर्गात होती.

तिचं नाव हर्षला. घोडबंदर गावातली, खाडीकाठच्या जुन्या आगरी घरातली. घरच्यांची पूर्वी मिठागरातली कामं आणि थोडी भातशेती, आता भाऊ टेम्पो चालवायचा. घरात कॉलेजात आलेली पहिली मुलगी. मागच्या बाकावर बसायची, विचारलं तरच बोलायची. तिला पुढे एम. ए. करायचं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, एका दमात पास झालीस तर पुढचं बघू, नाहीतर आलेल्या स्थळांपैकी एकाला होकार देऊ. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. म्हणजे काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी पुढे वागले तशी वागले.

प्रश्नावल्यांचं काम वेगळं, त्या वर्षीचा पाच माणसांवरचा प्रयोग स्मृतीचा होता. माणसाला अर्थ असलेले शब्द जास्त लक्षात राहतात की अर्थ नसलेले? बारा साधे शब्द, आंबा, खुर्ची, पाऊस वगैरे, आणि बारा निरर्थक शब्द. ठराविक वेगाने शब्द सांगायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग आठवतील तेवढे म्हणायला सांगायचे. हे निरर्थक शब्द फार पूर्वी एका वर्गाबरोबर तयार केलेले, आणि मीरा रोडला ते सोपं काम नव्हतं. मी 'बाढ' लिहिलं तर मागून आवाज आला, मॅडम, पूर को बाढ बोलते हैं. 'जम' लिहिलं तर गुजराती मुली हसल्या, त्यांच्यात जम म्हणजे जेव. दोन तास डोकेफोड केल्यावर कुणाच्याच भाषेत नसलेले बारा शब्द उरले. लिथ, टुव, घेम, खिब, झोथ, नाढ, असे. मी ते वर्षानुवर्षं वापरले आणि मलाही कधी पाचाच्या वर आठवले नाहीत.

साधारण निकाल ठरलेला असायचा. अर्थ असलेले आठ-नऊ, निरर्थक तीन-चार. हर्षलाचं जर्नल माझ्यापुढे आलं, मी तक्ता बघितला आणि थांबले. पाच प्रयुक्त, सगळ्या तिच्या आळीतल्या पन्नाशीच्या पुढच्या बायका, शाळेचं तोंड न बघितलेल्या. अर्थ असलेले शब्द: आठ, सात, नऊ, आठ, आठ. निरर्थक शब्द: बारा, बारा, बारा, बारा, बारा. शिवाय क्रमानेही बरोबर.

असं होत नाही. माझ्या सबंध नोकरीत एकाही माणसाला ते बारा शब्द आले नव्हते, आणि इथे पाच बायकांना सगळे. मला वाटलं, या मुलीला आकडे बनवतासुद्धा येत नाहीत. साजिदसारखं हसत सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी लाल पेन काढलं आणि तक्त्यावर आडवं लिहिलं, 'माहिती बनावट. सही देता येणार नाही.' एवढ्यावर थांबले नाही. वर्गासमोर तिला उभं केलं आणि म्हटलं, की खोटंच लिहायचं तर निदान खरं वाटेल असं लिहावं.

वर्ग हसला. त्या हसण्यात मीही होते. हर्षलाने मान खाली घातली नाही, रडली नाही, नुसती उभी राहिली. तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली. मी आत बोलावलं नाही, तशीच दारात बोलले. ती म्हणाली, "मॅडम, मी आकडे बनवले नाहीत. असं कसं झालं ते मलापण कळत नाहीये. पण तुम्ही मला विचारलंच नाही. तुम्ही निष्कर्ष आधी काढलात."

आवाज चढवून बोलली असती तर मी झटकून टाकलं असतं. ती अगदी हळू बोलली, माझ्याच पहिल्या तासाची भाषा बोलली, आणि जर्नल छातीशी धरून निघून गेली. मी बराच वेळ वह्या खालीवर करत बसले. माझ्या शेजारी बसणाऱ्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या, चहा गार झाला तुमचा.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी घोडबंदरला जायचं ठरवलं. आता लिहायला बसलेय तर खरं लिहायला हवं, मी माफी मागायला निघाले नव्हते. मी निघाले होते पुरावा गोळा करायला. त्या बायकांपैकी एकीला जरी शब्द आले नाहीत, तर माझा लाल शेरा कायम राहील आणि माझं मन स्वस्थ होईल, असा माझा हिशेब होता. पर्समध्ये स्टॉपवॉच घेतलं. हर्षलाला सांगितलंच नाही, कारण सांगितलं तर ती बायकांना पढवून ठेवेल. आमच्या धंद्यात याला काळजीपूर्वक नियोजन म्हणतात.

हायवेला बसमधून उतरून आत चालत गेले. हर्षलाचं घर सापडायला वेळ लागला नाही. हर्षला भाच्याला घेऊन दवाखान्यात गेली होती. पडवीत चार-पाच बायका वाल सोलत बसल्या होत्या. मधोमध बसलेल्या, हातभर हिरव्या बांगड्यांच्या, ठसठशीत बाई उठल्या. त्या हर्षलाच्या आत्या, बेबीआत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग मला बसवलं, मग विचारलं, "पोरगी पास हाय ना, बाई?"

मी म्हटलं, ते तुमच्यावर अवलंबून आहे. हे मी गमतीने म्हटलं नव्हतं, पण त्या मनापासून हसल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. हर्षलाने घेतलेली परीक्षा आठवते का, असं मी विचारलं. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. मी पर्समधून स्टॉपवॉच काढायच्या आत बेबीआत्यांनी सूर धरला.

लिथ गं टुव गं घेम गं बाय. पुढची ओळ बाकीच्या चौघींनी उचलली, खिब गं झोथ गं नाढ गं बाय. वाल सोलता सोलता, एकीकडे माझ्याकडे बघत, पाचही जणींनी बाराच्या बारा शब्द क्रमाने म्हटले. मग पुन्हा पहिल्यापासून म्हटले. माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालूच झालं नव्हतं.

बेबीआत्या धवलारीण होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आगरी लोकांत लग्नाचे विधी धवले गाऊन लावायची पद्धत आहे, आणि ते गाणारी जाणती बाई ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठल्या वेळी कोणता धवला, ते सगळं तिच्या तोंडात. कुठे लिहिलेलं नाही. धवलारीण ओळ सांगते, मागच्या बायका ती उचलतात, आणि असंच ते एकीकडून दुसरीकडे जातं. अख्खं लग्न तोंडपाठ असलेल्या बाईसमोर मी बारा शब्दांची परीक्षा ठेवली होती.

हळूहळू सगळं उलगडलं. प्रयोगाला जाण्यापूर्वी घरी कुणावर तरी सराव करा, हात बसू द्या, असं मीच मुलांना सांगत असे. हर्षलाने आदल्या दिवशी आत्यावर सराव केला. शब्द सारख्या वेगाने सांगणं आणि घड्याळ बघणं तिला एकदम जमेना, म्हणून पुन्हा पुन्हा केलं. आत्याला कळलं, की हा पोरीचा पेपर आहे आणि उद्या चार शेजारणींनाही बसवणार आहे. पोर घराबाहेर गेल्यावर तिने चौघींना पडवीत बसवलं आणि धवला शिकवतात तसे ते शब्द शिकवले. दुसऱ्या दिवशी हर्षलाने नियमाप्रमाणे एकेकीला एकटीला आतल्या खोलीत बोलावलं. एकेक जण आत गेली, बारा शब्द म्हणून आली आणि पडवीत येऊन पदरात तोंड घालून हसली. पोरीला कुणीच काही सांगितलं नाही. तिला ओशाळं वाटू नये म्हणून.

मग आंबा-खुर्चीचे शब्द का विसरलात, असं मी विचारलं. त्यावर एक जण म्हणाली, ते सोपे होते, ते कशाला पाठ करायचे. आंबा कोण विसरतं? आणि तरी ती आंबा विसरली होती.

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ही तुमची परीक्षा नव्हती, हर्षलाचीही नव्हती. माणूस किती विसरतो, कसं विसरतो, तेच बघायचं होतं. बेबीआत्यांच्या हातातला वाल थांबला.

"म्हंजे आमी इसरायला पायजे व्हतं?"

मी म्हटलं, थोडं तरी.

"मंग तसं सांगायचं ना कुनी," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "आमच्यापायी पोरीचं नुकसान झालं काय, बाई?"

मला लाज वाटली. आजही लिहिताना वाटते. कारण नुकसान त्यांच्यामुळे झालं नव्हतं, माझ्यामुळे झालं होतं. सराव करा म्हणून मी सांगितलं, पण तो वेगळ्या शब्दांवर करा, आणि ज्या माणसावर सराव केला त्याला प्रयोगात घेऊ नका, हे सांगायचं राहिलं. त्याहून वाईट म्हणजे तक्त्यात 'शिक्षण: नाही' हे वाचल्याबरोबर या बायकांना बारा शब्द येणं शक्यच नाही, असं मी धरून चालले होते. हेच पाच प्रयुक्त कुणी डॉक्टर-प्रोफेसर असते तर मी कदाचित विचारलं असतं, की अरे वा, हे कसं केलंत? मी आकडे तपासलेच नव्हते. मी माणसं मोजून मोकळी झाले होते, तीही न बघता.

मी त्यांना सांगितलं, की नुकसान होणार नाही, माझा शब्द. त्यांनी मला वालाचं बिरडं खाऊन जायला लावलं. हर्षला परत आली तेव्हा मी पडवीत बसून जेवत होते. दारात मला बघून तिच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी विसरणार नाही. मी ताटावरूनच म्हटलं, "हर्षला, चूक माझी आहे. सोमवारी जर्नल घेऊन ये."

सोमवारी वर्गात मी उभी राहिले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. माझ्याकडून काय राहिलं, मी काय धरून चालले, आणि मी तिला काय बोलले. वर्ग हसला नाही. साजिद उभा राहून म्हणाला, "मॅडम, मेरा तो सच में फर्जी था, फिर भी आपने डांटा नहीं." मी त्याला म्हटलं, हो, तेही लिहून घ्या सगळ्यांनी. मग मी तो लाल शेरा एका रेघेने खोडला, खाली 'शेरा तपासणी न करता लिहिला होता, मागे घेत आहे' असं लिहिलं आणि सही केली.

परीक्षेला आठवडा होता. मी हर्षलाला म्हटलं, दुसऱ्या पाच माणसांवर पटकन प्रयोग कर आणि नवा तक्ता लाव. तिने एक दिवस विचार केला आणि सांगितलं, की मॅडम, नवा तक्ता लावते, पण हापण राहू द्यायचा आहे. तिने दोन्ही तक्ते लावले. पहिल्याखाली दोन पानं लिहिली, की ही माहिती या प्रश्नासाठी का वापरता येत नाही, कुठे चूक झाली, आणि बायकांनी ते कसं पाठ केलं. साध्या भाषेत, कुणालाही दोष न देता. त्या दोन पानांइतकं चांगलं लिखाण माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी केलेलं मला आठवत नाही.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. तोंडी परीक्षेत त्यांनी नेमकं तेच पान उघडलं, खोडलेला शेरा वाचला, माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. त्यांनी हर्षलाला विचारलं, की या फसलेल्या प्रयोगातून तुला काय कळलं? ती नेहमीसारखी हळू बोलली.

"सर, मला वाटलं होतं माणसं परीक्षा देतात. ती मदत करतात. आणि आपण मदत करू नका असं सांगायला विसरतो."

त्यांनी ती दोन पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि बाहेरच्या रांगेतल्या मुलांना थोडं थांबायला सांगितलं. हर्षला एका दमात पास झाली, चांगल्या मार्कांनी. वडिलांनी शब्द पाळला. स्थळं काही वर्षं थांबली आणि ती एम. ए. झाली.

त्या वर्षापासून माझा पहिला तास बदलला. मीरा रोडच्या चिडक्या माणसांचा प्रश्न तसाच राहिला, पण शेवटी मी घोडबंदरच्या पाच बायकांची गोष्ट सांगायला लागले. हर्षलाचं नाव न घेता. माझं नाव घेत होते, पण जरा घाईत. आणि जर्नलमधला कुठलाही अजब आकडा दिसला की लाल पेनाला टोपण लावून आधी मुलाला शेजारी बसवायचे. पुष्कळदा आकडा खोटाच निघायचा. पण चार-पाच वेळा असं काही निघालं की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगत बसले. तपासायचा आळस मी आधी किती वर्षं केला होता, आणि किती मुलं दारातूनच परत गेली असतील, हे मात्र आता कळायचा मार्ग नाही. ती चुटपुट आहे.

या वर्षी जून महिन्यात हर्षलाचा फोन आला. ती काही वर्षांपासून खाडीपलीकडच्या एका कॉलेजात आहे, आणि संशोधनपद्धती तीच शिकवते. मॅडम, पहिल्या तासाला याल का, म्हणाली. मी गेले. तिचा वर्गही पार्टिशनचाच, पलीकडे कुणीतरी अकाउंट्स शिकवत होतं. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

तासाच्या शेवटी तिने पिशवीतून ते जुनं जर्नल काढलं. कव्हर बदललेलं, पण आतली पानं तीच. मला हळूच म्हणाली, की हे पान ती दरवर्षी मुलांना दाखवते, पण शेऱ्याखालच्या सहीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टी मी बघितली. नीट, चारही बाजूंनी चिकटवलेली होती. सात वर्षं या मुलीने माझं नाव झाकून ठेवलं होतं.

मी नखाने ती पट्टी काढली. आणि मग तिच्या विद्यार्थ्यांना सांगितलं, की ही सही माझी आहे.

एक मुलगी म्हणाली, मॅडम, ते बारा शब्द काय होते? हर्षला पान उलटायला गेली. मी तिला थांबवलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी काय करणार आहे. ज्या शब्दांतले पाचाच्या वर मला कधी सांगता आले नव्हते, ते घोडबंदरच्या पडवीत ऐकले तसेच, त्याच चालीत, माझ्या बेसूर आवाजात बाहेर आले. लिथ गं टुव गं घेम गं बाय. शेवटच्या, बाराव्या शब्दापर्यंत कुठेही अडले नाही. पार्टिशनपलीकडचे अकाउंट्स क्षणभर थांबले.

वर्ग हसत होता, टाळ्या वाजवत होता. हर्षला हसत नव्हती. तिने जर्नल टेबलावर उघडलं, पहिल्या तक्त्यात पाचव्या ओळीखाली फूटपट्टीने एक ओळ आखली आणि लिहिलं: प्रयुक्त क्रमांक सहा. निरर्थक शब्द, बारा. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून जर्नल माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, सही."

त्या रकान्यात वरून खाली पाच अंगठे होते, शाई फिकी झालेली. पहिला बेबीआत्यांचा. मी पेन उघडलं आणि त्यांच्याखाली सही केली.